बावन्न खांब, एक फोन

इटलीतील मिलान शहराचे कॅथेड्रल, ज्याला तिथले लोक नुसते ‘दुओमो’ म्हणतात, बांधायला १३८६ साली सुरुवात झाली आणि त्याचा शेवटचा ब्राँझचा दरवाजा १९६५ साली बसला. मधली जवळजवळ पाचशे ऐंशी वर्षे काम चालूच होते. युरोप सहलीच्या वेळापत्रकात या वास्तूच्या अंतर्भागाला साधारण पाऊण तास मिळतो. त्यातला काही वेळ सुरक्षा तपासणीच्या रांगेत जातो, काही हरवलेल्या सहप्रवाशाला शोधण्यात. उरलेल्या वेळात सहा शतके फोनमध्ये भरायची असतात.

आत जाण्यापूर्वी कपड्यांची तपासणी होते. नियम सोपा आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मराठी मंडळींच्या गटात या नियमाचा निकाल नेहमी वयाच्या आणि हौसेच्या उलट क्रमाने लागतो. सुती साडी आणि त्यावर स्वेटर घातलेल्या काकू न थांबता आत जातात. युरोपला आलोच आहोत तर जरा युरोपियन दिसू, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बर्म्युडा चढवलेले काका दारात अडकतात. मग काकूंच्या पिशवीतून एक ओढणी निघते, ती काकांच्या कमरेला गुंडाळली जाते आणि गटातला दिवसाचा पहिला चांगला फोटो कॅथेड्रलच्या बाहेरच निघतो.

आतला पहिला अनुभव अंधाराचा. बाहेरच्या चौकात पांढऱ्या संगमरवरावर ऊन तळपत असते, आणि दारातून आत पाऊल टाकताच समोर काहीच दिसत नाही. मनुष्याच्या डोळ्याला अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात, पुरते सरावायला वीस-तीस. पर्यटक मात्र आत आल्यावर चौथ्या-पाचव्या पावलाला थांबून फोन वर करतो. त्याच्या मागचा त्याच्यावर आदळतो, त्याच्या मागचा त्या दोघांवर. दुओमोच्या दाराशी काढलेले बहुतेक फोटो तिरके असतात, ते याच कारणाने.

हा अंधार फोनचा दोष नाही, बांधणीचा आहे. फ्रान्समधल्या गॉथिक कॅथेड्रलमध्ये खांबांच्या रांगांमधला मधला पट्टा खूप उंच आणि बाजूचे पट्टे बरेच ठेंगणे असतात. मधल्या पट्ट्याच्या भिंतीचा वरचा भाग त्यामुळे मोकळा राहतो, तिथे मोठमोठ्या खिडक्या बसतात आणि वरून भरपूर उजेड येतो. मिलानमध्ये पाच पट्टे आहेत. मधला सुमारे ४५ मीटर उंच, आणि बाजूचे त्याच्यापेक्षा थोड्या-थोड्या पायरीने कमी. वर मोकळी भिंत अशी फारशी उरतच नाही. जेवढी उरते तेवढ्यात लहान खिडक्या.

ही उंची ठरवताना झालेली भांडणे नोंदीत आहेत. १३८७ साली बांधकामाचा कारभार पाहण्यासाठी ‘फाब्रिका’ नावाची संस्था स्थापन झाली, ती आजही काम करते. संगमरवराची खाण, डागडुजी, तिकिटे सारे तिच्याकडे. तिने स्थानिक गवंडी नेमले, मग जर्मन आणि फ्रेंच तज्ज्ञ बोलावले. १३९१ साली पियाचेन्झाहून गाब्रिएले स्टोर्नालोको नावाचा गणिती आणवला. इमारत चौकोनाच्या हिशेबाने चढवायची की त्रिकोणाच्या, यावर खल झाला. १३९९ साली पॅरिसहून आलेल्या जाँ मिन्यो याने कामातल्या चुकांची लांबलचक यादी दिली आणि इमारत कोसळेल असे बजावले. १४०१ साली फाब्रिकाने त्यालाच घरी पाठवले. इमारत उभी आहे. फोटो काळपट का येतात, याचा जाब मोबाइलच्या दुकानात विचारण्यात अर्थ नाही. तो चौदाव्या शतकातल्या एका कमिटीला विचारायला हवा, आणि कमिटी म्हटल्यावर उत्तराची फार आशा धरू नये.

अंधारावर सर्वसामान्य उपाय म्हणजे फ्लॅश. त्याला आत बंदी आहे, पण बंदी नसती तरी उपयोग झाला नसता. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे दहावीपर्यंत शिकलेल्या बहुतेकांनी कधीतरी पाठ केलेले असते. फोनचा फ्लॅश तीन मीटरवरच्या चेहऱ्याला पुरतो असे धरले, तर पंचेचाळीस मीटरवरच्या छताला त्याच्या दोनशे पंचविसाव्या हिश्श्याइतकाच उजेड पोचतो. म्हणजे छत उजळायला दोनशे पंचवीस फोन एकाच क्षणी चमकवावे लागतील. फ्लॅश चमकतो, समोरच्या माणसाचे टक्कल उजळते, छत आहे तसेच राहते. आणि कोपऱ्यातून एक पहारेकरी निघतो. तो बोलत काहीच नाही, फक्त बोट हलवतो. त्याच्या त्या बोटाला भाषेची अडचण कधी येत नाही.

ट्रायपॉडलाही आत परवानगी नाही. त्यामुळे दुओमोत मानवी ट्रायपॉडचे नाना प्रकार पाहायला मिळतात. कोणी खांबाला पाठ लावून श्वास रोखतो, कोणी बाकाच्या पाठीवर कोपरे टेकतो, कोणी जमिनीवर बसून गुडघ्यांवर फोन ठेवतो. गुडघे टेकलेल्या माणसांपैकी प्रार्थना कोण करते आहे आणि फोटो कोण काढते आहे, हे दुरून ओळखणे अवघड असते. फोनमधला ‘नाइट मोड’ दोन-तीन सेकंद लागोपाठ बऱ्याच चौकटी टिपतो आणि त्या एकमेकांवर बसवून एक उजळ चित्र तयार करतो. खांब जागचे हलत नसल्यामुळे ते सुरेख येतात. माणसे हलतात, त्यामुळे ती अर्धवट येतात. कुणाचे डोके जागेवर आणि पाय पुढे गेलेले, कुणाची नुसती पर्स. घरी परतल्यावर अशा फोटोंना ‘तिथले वातावरणच गूढ आहे’ असे शीर्षक दिले जाते.

खांब एकंदर बावन्न आहेत. वर्षातल्या आठवड्यांइतके, असे गाइड सांगतो आणि प्रत्येक जण मान वर करून मोजायला लागतो. सतराच्या आसपास कोणीतरी हाक मारते आणि मोजणी तिथेच संपते. खांबांच्या माथ्यावर कोरीव कोनाडे आहेत आणि त्या कोनाड्यांत माणसाहून मोठ्या संतांच्या मूर्ती. इतर कॅथेड्रलमध्ये खांबाच्या माथ्यावर पानाफुलांचे नक्षीकाम असते. इथे प्रत्येक खांबाने डोक्यावर संतमंडळींची सभाच भरवलेली आहे. मात्र हे सारे फार उंचावर असल्याने ज्याने मान दुखेपर्यंत वर पाहिले त्यालाच ते कळते.

या खांबांचा फोटो काढताना जोडप्यांमध्ये ठरलेला संवाद होतो.

“अहो, खांब पूर्ण आला पाहिजे हं.”

“खांब घेतला तर तू मुंगीएवढी दिसतेस.”

“मग दुसऱ्या खांबापाशी उभी राहू का?”

“अगं, सगळे एवढेच आहेत.”

अडचण खरी आहे. फोन सरळ धरला तर खांबाचा माथा येत नाही. वर तिरका धरला तर खांब एकमेकांकडे झुकू लागतात आणि मिन्योचे भाकीत खरे ठरल्याचा भास होतो. व्यावसायिक छायाचित्रकार यासाठी भिंग वर सरकवता येणारी खास लेन्स वापरतात किंवा नंतर संगणकावर रेषा सरळ करतात. फोनवाला ‘अल्ट्रावाइड’ चालू करतो. त्यात बावन्नपैकी बरेच खांब मावतात खरे, पण वेदी इतकी लांब जाते की ती शेजारच्या गावात असावी असे वाटते. भव्यता चौकटीत कोंबली की तिचा आकारच नाहीसा होतो. आकार कळायला चौकटीत एक माणूस लागतो, आणि तोही कोपऱ्यात, पाठमोरा, लहान. या भूमिकेसाठी कोणताही मराठी माणूस दोन हजार युरो भरून गेलेला नसतो.

पॅनोरामाचा मार्ग काही धाडसी लोक पत्करतात. फोन खालून वर फिरवत नेला की जमिनीपासून छतापर्यंत सारे एका पट्टीत येते. मध्येच हात थरथरला तर खांबाला कंबर फुटते.

मान वर गेलीच आहे, तर छताविषयी सांगितले पाहिजे. छतावर दगडात कोरलेली अतिशय नाजूक जाळी दिसते. पर्यटक ती झूम करून टिपतात, ‘काय हात असतील त्या कारागिरांचे’ म्हणतात. ही जाळी कोरलेली नाही. ती रंगवलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मिलानच्याच ला स्काला या ऑपेरागृहाचे नेपथ्यकार आलेस्सांद्रो सांक्विरिको यांनी छतांवर हे काम केले. रंगमंचावर पडद्यावरचा राजवाडा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला खरा वाटायला लावणे हा ज्यांचा धंदा, त्यांना पंचेचाळीस मीटरवरचा प्रेक्षक म्हणजे सोयीचाच. फोनमधले सॉफ्टवेअर कडा आणखी धारदार करते, त्यामुळे फोटोत ती जाळी प्रत्यक्षापेक्षाही जास्त कोरीव दिसते. गटातला एखादा अभियंता ‘एवढे वजन वर कसे तोलले असेल’ यावर बसमध्ये पुढे अर्धा तास बोलतो. त्याला खरे सांगणे क्रौर्य ठरेल.

दुओमोत सर्वाधिक फोटो कशाचे निघत असतील, तर संत बार्थोलोम्यूच्या पुतळ्याचे. तो उजवीकडच्या आडव्या पट्ट्यात आहे. मार्को द’आग्राते याने तो १५६२ साली घडवला. परंपरेनुसार या संताची कातडी जिवंतपणी सोलली गेली. त्यामुळे पुतळ्यात शरीरावरचा स्नायू न् स्नायू, शीर न् शीर उघडी आहे. खांद्यावरून एक वस्त्र घेतले आहे, अंगाभोवती फिरवून ऐटीत सोडले आहे, आणि पाहणाऱ्याला ते उपरणे वाटते. दोन-तीन मिनिटांनी पाठीमागे त्या उपरण्याला स्वतःचा चेहरा, हात आणि पाय असल्याचे ध्यानात येते. ती सोललेली कातडीच आहे. इथे गटात शांतता पसरते. मग लहान मुलांना दुसरीकडे नेले जाते, आणि मुले परत पळत येतात.

पुतळ्याखाली शिल्पकाराने लॅटिनमध्ये कोरून ठेवले आहे की हा पुतळा प्राक्सिटेलिसने नव्हे, मार्को द’आग्रातेने घडवला. प्राक्सिटेलिस हा प्राचीन ग्रीसचा श्रेष्ठ शिल्पकार. त्याचे काम समजून कोणी फसू नये अशी ही खबरदारी कुणी मागितली नव्हती. मार्कोने ती आपणहून घेतली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने काम चोख आहे. भक्तीच्या दृष्टीने जरा कोरडेच वाटते. संतापेक्षा शिल्पकाराचा वैद्यकीय अभ्यासच जास्त डोळ्यांत भरतो.

या संताचा महाराष्ट्राशी धागा असल्याचे फार कमी मराठी पर्यटकांना कुणी सांगते. बार्थोलोम्यू ‘इंडिया’त धर्मप्रसारासाठी गेला, असे चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो. त्याची ही इंडिया नेमकी कोणती यावर मतभेद आहेत, पण काही अभ्यासकांनी ती कोकणपट्टीतल्या कल्याण परिसरात असल्याचे मत मांडले आहे. ते मान्य केले, तर हा गृहस्थ कल्याणला येऊन गेलेला आहे. कल्याण-डोंबिवलीच्या मंडळींना ही माहिती कळली की पुतळ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तत्काळ आपुलकीची होते. सायंकाळच्या लोकलमधून उतरताना अंगावरची कातडी शाबूत राहील याची खात्री कुणालाच नसते.

छायाचित्राच्या दृष्टीने या पुतळ्यापुढे एक पेच उभा राहतो: चेहऱ्यावर भाव कोणता आणायचा? फोन समोर आला की हसायचे, ही सवय इतकी पक्की असते की सोललेल्या हुतात्म्याच्या शेजारी माणसे अंगठा दाखवून, बत्तीशी काढून उभी राहतात. काहींना शेवटच्या क्षणी भान येते. त्यांचे हसू अर्ध्यावर थांबते आणि फोटोत ते दातदुखीसारखे उमटते.

जवळच जान जाकोमो मेदिची याची कबर आहे, लेओने लेओनी याच्या ब्राँझ मूर्तींसह. फ्लॉरेन्सच्या विख्यात मेदिचींशी त्याचा संबंध नव्हता. कोमो सरोवरावर लूटमार करून तो मोठा झाला आणि त्याचा भाऊ पोप. एवढी भव्य कबर कोणत्या गुणाबद्दल, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटतो. डाव्या आडव्या पट्ट्यातली सात फांद्यांची मध्ययुगीन ब्राँझ दीपमाळ याहून कितीतरी चांगली आहे. तिच्या पायथ्याशी गुंतलेल्या वेली, प्राणी आणि छोट्या आकृती पाहण्यासारख्या. तिच्यापुढे गर्दी नसते, कारण ती कशाबद्दल प्रसिद्ध नाही.

रंगीत काचांच्या खिडक्या हा फोनच्या दृष्टीने सगळ्यात अवघड विषय. खिडकी आणि तिच्या शेजारची भिंत यांच्या उजेडात इतका फरक असतो की दोन्ही एकाच फोटोत नीट येत नाहीत. भिंत दिसावी म्हणून उजेड वाढवला तर खिडकी पांढरीफटक होते. खिडकी नीट आली तर बाकी सारे कॅथेड्रल काळे. डोळा हे काम सहज करतो, कारण तो एका जागी टिकत नाही आणि मेंदू त्याने पाहिलेले तुकडे जोडून घेतो. इलाज साधा आहे. पडद्यावर खिडकीवर बोट दाबून ठेवावे, उजेडाची पट्टी खाली ओढावी आणि भिंतीचा मोह सोडावा. वेदीमागच्या तीन प्रचंड खिडक्या पूर्वेकडे आहेत, त्यांची खरी वेळ सकाळची. दक्षिणेच्या खिडक्या दुपारी पेटतात. तेव्हा खिडकीपेक्षा खाली पाहावे. पेल्लेग्रिनो तिबाल्दीने सोळाव्या शतकात आखलेल्या काळ्या-पांढऱ्या-लाल संगमरवरी फरशीवर निळे आणि तांबडे डाग पडलेले असतात, आणि त्यावरून चालणाऱ्यांच्या पांढऱ्या बुटांवरही. दुओमोतला सर्वांत चांगला फोटो बऱ्याचदा कुणाच्या तरी बुटाचा असतो.

फरशीवरच, मुख्य दरवाजाच्या आत लगेच, एक पितळी पट्टी आडवी गेलेली आहे. बहुतेक जण ती तुडवून पुढे जातात. काहींना ती रांगेची खूण वाटते आणि ते तिच्या अलीकडे शिस्तीत थांबतात. ही पट्टी १७८६ साली ब्रेरा वेधशाळेच्या खगोलशास्त्रज्ञांनी बसवली. दक्षिणेच्या बाजूला छतात एक लहान भोक आहे, त्यातून आलेला उन्हाचा ठिपका माध्यान्हीला ही रेषा ओलांडतो. रेषेवर राशींची चिन्हे आहेत. उन्हाळ्यात सूर्य उंच असतो तेव्हा ठिपका भोकाच्या बाजूला पडतो, हिवाळ्यात लांब सरकत जातो. डिसेंबरात तो इतका लांब जातो की कॅथेड्रलची रुंदी पुरत नाही, म्हणून रेषा उत्तरेकडच्या भिंतीवर चढवली आहे आणि मकर रास तिथे भिंतीवर आहे. ज्याला ठिपका टिपायचा असेल त्याने घड्याळातल्या बाराला जाऊ नये. मिलान प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्याने तिथली माध्यान्ह हिवाळ्यात साडेबाराच्या आसपास आणि उन्हाळी वेळेत दीडच्या आसपास होते. उन्हाळ्यात दीडला मराठी गट जेवायला गेलेला असतो, त्यामुळे हा ठिपका त्यांच्या फोटोत कधीच नसतो.

वेदीच्या वर, छताजवळ, एक लाल दिवा जळत असतो. घरी आल्यावर फोटोत तो लाल ठिपका दिसतो, तो कॅमेऱ्यातला बिघाड समजला जातो आणि बोटाने घासून काढून टाकला जातो. येशूच्या क्रुसाचा मानला जाणारा एक खिळा तिथे वर जपून ठेवलेला आहे आणि दिवा त्याची जागा दाखवतो. सप्टेंबरमध्ये, १४ तारखेच्या आगेमागे, आर्चबिशप ढगाच्या आकाराच्या, देवदूत रंगवलेल्या एका पाळण्यात बसून वर जातात आणि खिळा खाली आणतात. या पाळण्याचे नाव ‘निवोला’. आर्चबिशप ढगात बसून छताकडे निघाले आहेत, हे दृश्य ज्याला मिळाले त्याला फोटोचे शास्त्र कुणी शिकवण्याची गरज नाही. पण तो नेमका त्या वेळी स्वतःची सेल्फी काढत नसावा, एवढी अट आहे.

तळघरात संत कार्लो बोर्रोमेओ यांचा देह स्फटिकाच्या पेटीत ठेवलेला आहे. कॅथेड्रलच्या खाली उत्खननात सापडलेले अष्टकोनी बाप्तिस्मा-कुंडही पाहता येते. इथे ३८७ साली अँब्रोज यांनी ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. पाश्चात्त्य विचारांच्या इतिहासातली ही फार मोठी जागा, आणि फोटोत ती अर्धवट खणलेल्या पायासारखी येते. इथे फोन ठेवून पाटी वाचणे जास्त लाभाचे.

दुओमो हे वस्तुसंग्रहालय नाही, तिथे रोज प्रार्थना होतात. डोळे मिटून बसलेली म्हातारी बाई, मेणबत्ती लावणारा हात, कबुलीजबाबाच्या लाकडी खोलीबाहेर थांबलेला माणूस, हे सारे फोटोसाठी फार मोहक असते आणि त्यांचा फोटो काढू नये. आपल्या देवळात डोळे मिटून उभे असताना कुणी परदेशी माणूस समोर कॅमेरा धरतो, तेव्हा काय वाटते ते प्रत्येकाला ठाऊक असते. मिलानला गेल्यावर ते विसरते, इतकेच. पर्यटकांनी तिकीट काढून आपल्या दाराने जावे. प्रार्थनेसाठी येणाऱ्यांचे दार वेगळे आहे, त्याला तिकीट लागत नाही. पैसे वाचवण्यासाठी त्या दाराने शिरून, हात जोडून, मग हळूच फोन काढणारे लोक दर हंगामात निघतात. वाचकांनी त्यांत असू नये.